कार्डाचा फोटो

४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, सभा घेता. म्हणून कागद. हे पत्र मामीला वाचून दाखवू नका. ती रडायला लागते आणि मग तुमचा चारचा चहा पाचावर जातो.

काम असं आहे. वीस ऑक्टोबरला आईला जाऊन वर्ष होईल. मोठा त्या दिवशी बायको-मुलांना घेऊन येतोय. पुढच्या खोलीत आईचा एक मोठा फोटो लावायचा असं आम्ही दोघा भावंडांनी ठरवलंय. फोटो माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेतला तेव्हा हात बसावा म्हणून मी रविवारी आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवायचे. असे नऊ रविवार, दोनशे चौदा फोटो, सगळे तिच्या आजारपणाच्या आधीचे. पण ते रॉ आहेत, म्हणजे कच्च्या फाईली. तुमच्या भाषेत सांगायचं तर रोल भरलाय, धुतलेला नाही. तो धुवायला आता रसायन लागत नाही, सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कुठलं घ्यावं इथे माझं घोडं अडलंय.

तुम्ही म्हणाल, बारा वर्षं फर्निचरच्या कंपनीत कॅटलॉगचे फोटो काढतेस आणि हे येत नाही? नाही येत. मी बटण दाबते, फाईली पुढच्या विभागात जातात, तिकडचे लोक काय ते करतात. घरी मी तीन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. एक भाड्याचं आहे. दर महिन्याला भाडं भरा, थांबलात की दार बंद. दुसरं कॅमेऱ्याबरोबर आलेलं, ते फक्त त्याच कंपनीच्या कॅमेऱ्याला ओळखतं. तिसरं फुकट, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेलं, आणि त्यात बटणं इतकी की विमान उडवायला बसल्यासारखं वाटतं.

बटणं शिकेन मी. अडचण वेगळी आहे, मामा. एकच फाईल तिघांत उघडली की तीन बायका दिसतात. भाड्याच्यात आई लालसर, नुकती फिरून आल्यासारखी. कंपनीच्यात पिवळसर. फुकटच्यात निळसर, करडी. आणि यातली माझी आई कुठली ते मला सांगता येत नाही. खुर्चीचं पॉलिश एका छटेनं चुकलं तर मला दारातून कळतं. आईच्या गालाचा रंग आठवत नाही. आठवायला गेले की तुम्ही केलेला, आमच्या भिंतीवरचा फोटोच डोळ्यांपुढे येतो.

तुम्ही आणि आई, दोघांनी त्या फोटो स्टुडिओत एकतीस वर्षं काढलीत. तुम्ही आत डार्करूममध्ये, ती बाहेर रिटचिंगच्या टेबलाशी, निगेटिव्हवरचे डाग झाकत. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?

उत्तराची वाट बघतेय. भाषण चालेल, पण शेवटी निर्णय हवा.

तुमची,
चिमटी


११ ऑगस्ट

चि. चिमटी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. ती रडली. चहा मिळाला नाही. यापुढे असल्या सूचना पाकिटावर लिहीत जा.

तुझं पत्र वाचताना सारखी डार्करूममधली ती तीन पायांची स्टुलं आठवत होती. एकावर मी, एकावर तू. तू पाच वर्षांची असशील. लाल दिवा, तीन तबकं, आणि तू रसायनातले कागद उचलायच्या चिमट्याने स्वतःचं नाक धरून बसलेली, वास येतो म्हणून. पण बाहेर जा म्हटलं की जायची नाहीस, कारण तबकात कोऱ्या कागदावर आधी केस येतात, मग डोळे, मग बाकीचा माणूस, हे तुला बघायचं असायचं. कोण येतंय, कोण येतंय असं पुटपुटायचीस. ते नाव तेव्हापासूनचं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मी संगणकाला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, पण निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात असावी हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. आमच्या मालकाने एकदा गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह अडवून धरल्या होत्या, परत छापायला आमच्याकडेच यावं म्हणून. तेव्हा मी स्टुडिओच्या पायरीवर उभा राहून बोललो होतो, आणि तुझी आई रिटचिंगचा ब्रश कानावर खोचून माझ्या शेजारी उभी होती. आज पुन्हा तेच सांगतो. माणसाचा चेहरा आणि त्याची माणसं यांच्यामध्ये कुठल्याही कंपनीचा दरवान उभा राहता कामा नये. भाडं भरलं तर आई दिसेल, नाही भरलं तर नाही, हा काय व्यवहार झाला? भाड्याच्या खोलीत सामान ठेवावं, आई ठेवू नये.

तेव्हा मला आधी हे कळव की तू जे काही फिकट-गडद करशील त्याची नोंद कोण कुठे ठेवतं. तुझी आई निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलने लिहायची: डावा गाल जरा झाका, केस सोडा. कुणीही वाचावं आणि पुन्हा तसाच फोटो काढावा. तसं पाकीट तुझ्या तिघांत कुणाकडे आहे?

आणि एक. कुठलं सॉफ्टवेअर सुरकुत्या पुसतं का ते बघ. तुझी आई म्हणायची, मुरूम पाहुणा असतो, तो घालवायचा. सुरकुती घरची असते, तिला हात लावायचा नाही.

रंगाचं मी सांगतो. मात्र फोनच्या काचेवर चेहरा बघणार नाही. तिन्हींचे कागदावर प्रिंट करून पाठव, मागे आकडा घाल, कुठला कशातून काढला ते लिहू नकोस.

ओढ आहे तशीच राहू दे.

तुझा,
मामा


२० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत तीन प्रिंट. मागे एक, दोन, तीन. एकाच लॅबमधून, एकाच कागदावर काढलेत. हे आधीच लिहिते, नाहीतर तुम्ही लॅबवाल्याच्या बापजाद्यांपासून सुरुवात कराल.

तुमच्या पाकिटाच्या प्रश्नाने मला चांगलंच कामाला लावलं. शोधून काढलं ते असं. तिघंही मूळ फाईलला धक्का लावत नाहीत. पण भाड्याचं सगळ्या नोंदी स्वतःच्या पोतडीत ठेवतं, आणि भाडं थांबलं की पोतडी दिसते पण उघडत नाही. कंपनीचं नोंदी ठेवतं, त्या दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. फुकटचं प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी चिठ्ठी ठेवतं, साध्या अक्षरांत. मी ती उघडून वाचली. उजेड इतका, सावली इतकी. आईच्या पेन्सिलीइतकी प्रेमळ नाही, पण वाचता येते.

आणि हो, भाड्याचं सुरकुत्या पुसतं. न विचारता. चेहरा दिसला की आपणहून. ते बंद करायचं बटण सापडायला मला एक अख्खी दुपार लागली. ती दुपार आईने पाहिली असती तर तिने त्या लोकांना टेबलाशी बसवून पाहुणा आणि घरचा यातला फरक शिकवला असता.

म्हणजे मन फुकटच्याकडे झुकतंय. पण त्यातच ती निळसर दिसते. मन एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे, असं झालंय. तुम्ही सांगाल तो रंग धरून सगळे फोटो करीन. माझ्याकडे दुसरं माप नाही.

मामीला विचारलंय म्हणून सांगा. तुम्हालाही.

तुमची,
चिमटी


२७ ऑगस्ट

चि. चिमटी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तीन नंबर.

बाकी काही लिहायची गरज नव्हती, पण तू मला ओळखतेस. प्रिंट मी सकाळी दहाला बघितले, उत्तरेच्या खिडकीपाशी, टेबलावर पांढरा कागद अंथरून, दिवे बंद करून. जन्मभर मी हाताखालच्या पोरांना बल्बच्या उजेडात प्रिंट बघतात म्हणून फैलावर घेतलं, तेव्हा ही शिस्त मी मोडणार नाही. एक नंबरमध्ये माझ्या बहिणीला कुणीतरी लाली लावली आहे. दोन नंबरमध्ये तिला कावीळ झाली आहे. तीन नंबरमध्ये ती स्वतः आहे. तुमच्या भिंतीवरच्या फोटोशी लावून बघ, स्टुडिओ बंद व्हायच्या आधी मी केलेला शेवटचा रंगीत प्रिंट आहे तो. आठ वर्षं झाली. दोन्ही जुळतील. तो फोटो म्हणजे तुझी आई, याबद्दल माझ्या मनात शंकेला जागा नाही आणि तूही ठेवू नकोस.

तीन नंबर फुकटच्या सॉफ्टवेअरचा आहे हे तुझ्याच पत्रावरून कळलं: लाली भाड्याची, पिवळं कंपनीचं, उरलं ते फुकटचं. बघ, जे सगळ्यांचं असतं तेच खरं दाखवतं. यावर मी तासभर बोलू शकेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून उघडलं. यांचं रंगाचं ज्ञान मोठं आहे, पण परवा एका लग्नाला एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून गेले. मी सांगितलं तर म्हणाले दोन्ही काळे आहेत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरही अडखळतात. डोळे दाखवा म्हटलं की भाषण करतात. तुझं ऐकतील.


१० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा निर्णय शिरसावंद्य मानून फुकटचं सॉफ्टवेअर ठरवलं. भिंतीवरचा फोटो उतरवून संगणकाशेजारी उभा केला आणि त्या रंगाशी जुळवून पंचवीस फोटो केले. तुम्ही म्हणालात तसे अगदी जुळले. त्यातला एक मोठ्या कागदावर काढून मोठ्याला पाठवला.

त्याचा फोन आला. फोटो छान आहे म्हणाला. मग म्हणाला, हा आजारपणातला आहे का? मी म्हटलं नाही, आधीचा, तेव्हा तिला सर्दीसुद्धा नव्हती. त्यावर तो म्हणाला, मग आई अशी गारठल्यासारखी का दिसतेय.

त्याला फोटोतलं काही कळत नाही, हे तुम्हीच म्हणता. म्हणूनच मला झोंबलं. त्याच्यापुढे ना सॉफ्टवेअर ना भिंतीवरचा फोटो. त्याने नुसती आई बघितली.

मामा, रागावू नका. मोज्यांची गोष्ट मला कळली आहे. कुणी सांगितली ते विचारू नका, तुमच्या घरात तुम्ही दोघंच राहता. एकदा डोळे दाखवून या. तुमचं मत चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे तेवढं एकच माप आहे, तर ते तपासून घेतलेलं बरं. कंपनीत आम्ही लाकूड मोजायची पट्टीसुद्धा वर्षातून एकदा तपासतो.

तोवर मी बाकीचे फोटो थांबवलेत. दिवस थोडे आहेत.

राग आला तरी पत्र टाका.

तुमची,
चिमटी


२६ सप्टेंबर

चि. चिमटी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. भाषणाला मला कधी तयारी लागली नाही. कबुलीला लागते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भडकलो. मला पट्टी म्हणतेस म्हणून तुझ्या मामीपुढे अर्धा तास बोललो. तिने ऐकून घेतलं आणि डॉक्टरांची वेळ ठरवून आली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या आठवड्यात काढला. डावा अजून आहे.

पट्टी निघाल्यावर घरी आलो आणि कळलं की आमच्या स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे. मी ती बदामी समजत होतो. मामीला विचारलं, रंग कधी दिलास. ती म्हणाली, सात वर्षं झाली, आणि पांढराच हवा असा हट्ट तुमचाच होता.

मग मी तुझे प्रिंट काढले. तेच टेबल, तोच कागद, सकाळचे दहा. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं, तर तीन नंबरमध्ये माझी बहीण. डावा मिटून उजव्याने बघितलं, तर त्याच खुर्चीत कुणीतरी निळं पडलेलं माणूस. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. माझ्याच तोंडावर दोन साक्षीदार बसलेत, दोघंही शपथेवर बोलतात, आणि त्यांचं पटत नाही. मोतीबिंदू पिकतो तसं डोळ्यात पिवळी काच बसवल्यासारखं होतं, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. पिवळ्या काचेतून जो फोटो मला बरोबर दिसेल, तो बाकीच्या जगाला निळा दिसणार. मोठ्याचं बरोबर होतं. त्याला तसं सांग, मी फोनवर सांगणार नाही.

आता पुढचं. तुमच्या भिंतीवरच्या फोटोची एक प्रत माझ्या कपाटात आहे. ती उजव्या डोळ्याने बघितली. तीही निळी. म्हणजे आठ वर्षांपूर्वीच माझी नजर गेली होती, आणि ते मी तुझ्या आईच्या चेहऱ्यावर छापून तुमच्या भिंतीला लावलं. तू आई म्हणून जी आठवतेस ती माझी चूक आहे, पोरी. या वाक्यापाशी मी दोन दिवस थांबलो होतो.

केसाएवढा ठिपका निगेटिव्हवर शोधणारी बाई ती. तिला दिसलं नसेल? दिसलं होतं. शेवटच्या दोन वर्षांत ती आपलं टेबल सोडून रंगाच्या प्रत्येक चाचणीला माझ्यामागे येऊन उभी राहायची. भाऊ, थोडं पिवळं चालेल, असं हळूच म्हणायची. मला वाटायचं, वयानं किरकिरी झाली. आणि कार्डाचा हट्ट तिने तेव्हाच धरला. नियम जुना होता: पहिला फोटो कार्डाचा. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याशेजारी राखाडी कार्ड धरायचं, म्हणजे छापणाऱ्याला त्या राखाडीवरून रंग लावता येतो, डोळ्यांवर विसंबावं लागत नाही. आम्ही पुढे पुढे आळस करायचो. तिने त्या दोन वर्षांत एक रोल कार्डाशिवाय जाऊ दिला नाही. तिचा स्वतःचा तेवढा प्रिंट मी कार्डाला न विचारता नजरेनंच लावला. ती मला सांभाळत होती, आणि मी पोरांना नजरेवर व्याख्यानं देत होतो.

म्हणून विचारतो. ती कार्डाशिवाय कॅमेऱ्यासमोर बसणारी नव्हती. तुझ्या त्या नऊ रविवारी तिने कार्ड धरलं नव्हतं का? असेल तर माझं मत चुलीत घाल आणि कार्डाला विचार.

या पत्रानंतरही मामा म्हणत राहा.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी. मोजे आता जोडीचे असतात. पत्र लिहून झाल्यावर बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले आणि काही बोलले नाहीत. मला सवय नाही. तू लवकर लिही.


४ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

धरलं होतं.

तुमचं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि तशीच संगणकाशी गेले. आता माझी कबुली ऐका. दर रविवारी आई खुर्चीत बसली की पदराखालून ते जुनं कार्ड काढायची, कोपरे झिजलेलं, मागे तिच्याच अक्षरात स्टुडिओचा पत्ता. मी वैतागायचे. आई, आता कॅमेऱ्याला रंग आपोआप कळतो, असं म्हणायचे. ती म्हणायची, कळत असेल, पण पहिला फोटो कार्डाचा. मग मी तिचं मन राखायला एक बटण दाबायचे आणि ती फाईल नंतर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे. त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं, कचरा. तुम्हाला दोनशे चौदा फोटो लिहिले ना, ते हे नऊ वगळून.

नऊच्या नऊ सापडले. त्यातला पहिला मी तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि प्रत्येकाला सांगितलं की हे कार्ड राखाडी आहे, यावरून रंग लाव. मामा, ती तिघं इतके दिवस भांडत होती, ती जवळजवळ एका ठिकाणी आली. लाली गेली, पिवळेपणा गेला, निळं गेलं. थोडा फरक उरला तो दोन बहिणींच्या मतांत असतो तेवढा. आणि मध्ये आई बसली होती. गव्हाळ, नाकाच्या शेंड्यापाशी थोडी तांबूस. ती तांबूस जागा चष्म्याची होती, आणि ती मी पार विसरले होते. बघितल्यावर तिच्या चष्म्याच्या डबीचा आवाजसुद्धा आठवला.

म्हणजे रंगासाठी कुठलंही सॉफ्टवेअर चाललं असतं. मी फुकटचंच ठेवलं, आणि ते तुमच्या पहिल्या पत्रावरून. चिठ्ठ्या आपल्या, साध्या अक्षरात. उद्या माझीही नजर पिवळी पडली तर मोठ्याच्या पोरीला वाचून दुरुस्त करता येईल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दोनशे चौदा फोटोंत आईने चेहरा केलाय. तुम्हाला माहितीये, फोटो म्हटला की ती ओठ मिटून, हनुवटी वर करून बसायची, जन्मभर गिऱ्हाइकांना बसवलं तशी. कार्डाचा फोटो मात्र तिच्या हिशेबात फोटोच नव्हता. तो छापणाऱ्यासाठी. म्हणून त्या नऊ फोटोंत ती नुसती बसली आहे. एकात माझ्या वैतागाला हसतेय, तोंड उघडं, एक दात पडलेला दिसतोय. एकात कार्ड उलटं धरलंय आणि ते तिला तेव्हाच कळलंय. घरात जी वावरायची ती हीच. ती मी कचऱ्यात टाकली होती.

वीस तारखेला हसणारा लावतोय. कार्डासकट. मोठ्याला पाठवला, तर म्हणाला, हां.

तुमच्या चुकीचं मी काही ऐकणार नाही. भिंतीवरचा तुमचा फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय. आईने तो सात वर्षं, जाईपर्यंत, ठेवला होता, मी कोण काढणारी?

दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे? वीसला या दोघांनी, वाट बघतोय.

तुमची,
चिमटी


११ ऑक्टोबर

चि. चिमटी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. या वेळी चहा मिळाला, मी वाचताना मध्येच अडलो म्हणून तीच उठून करायला गेली.

कार्डाच्या मागचा पत्ता तिने लिहिला त्या दिवशी मी तिथे होतो. कार्ड नवं होतं, आणि हे हरवलं तर भाऊचं कसं होईल, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. आम्ही सगळे हसलो होतो. मी जास्त.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन या आठवड्यात ठरलं होतं. मी ते पुढे ढकललंय. मामी चिडली आहे, डॉक्टरही. दोघांपुढे मी कारण नीट मांडू शकलो नाही, तुला लिहितो. तिला शेवटचं बघितलं ते या डोळ्यांनी. त्यातला एक मी देऊन टाकला. दुसऱ्यात ती अजून तशीच आहे, मी छापली होती तशी, पिवळ्या काचेआड. ती चूक आहे हे मला कळतं. पण एकतीस वर्षांचा शेजार एका सकाळी पुसून टाकायला मन होत नव्हतं.

आम्ही एकोणीसला निघतो. वीसला सकाळी दहाला तो फोटो खिडकीपाशी आण, दिवे बंद ठेव. आधी मी डाव्याने बघीन, मग उजव्याने. त्यानंतर काय खरं ते तुझ्या आईने कार्ड हातात धरून सांगितलेलं आहेच, त्यावर मी बोलणार नाही. एकवीसला डॉक्टरांकडे जाऊन म्हणेन, आता काढा.

त्या खोलीत तिच्या समोरची खुर्ची माझ्यासाठी ठेव, आणि मनातली जागा आहे ती असू दे.

तुझा,
मामा